सायक्लाडीसची छोटी बेटं शिडाच्या बोटीने: लाव्रिओ ते कूफोनीसी आणि परत, सात दिवसांत जमेल का?

मचवा
ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ग्रीसमध्ये ३८ फुटी शिडाची बोट स्किपरशिवाय भाड्याने घ्यायचा विचार आहे. माणसं सहा: शिडाचं प्रमाणपत्र असलेले दोघे, शाळकरी मुलं दोन, सत्तरीच्या आसपासचे आजी-आजोबा. मुलांच्या जर्मनीतल्या शाळेमुळे महिना बदलता येणार नाही.
बेत असा: शनिवारी संध्याकाळी अथेन्सजवळच्या लाव्रिओ बंदरात बोट ताब्यात, रविवारी किथनोस, सोमवारी पारोस, मंगळवारी स्खिनूसा, बुधवारी कूफोनीसी, गुरुवार-शुक्रवार परतीचे. छोट्या सायक्लाडीसची तीन-चार बेटं पाहायची हाच मुख्य हेतू. मार्ग, नांगर, पाणी, जेवण, कशावरही सविस्तर लिहा.

तांडेल
हेतू उत्तम, मार्ग बदला. लाव्रिओ ते कूफोनीसी सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे ८७ सागरी मैल. जाताना चार दिवस आणि तेच अंतर परत दोन दिवसांत, तेही ऑगस्टमध्ये. बोट शुक्रवारी संध्याकाळी तळावर हवी असते, कारण शनिवारी सकाळी नऊला रिकामी करून द्यायची असते. म्हणजे हाताशी पूर्ण सहाच दिवस.
या दिवसांत एजियन समुद्रावर मेल्टेमी वाहतो. बाल्कनच्या बाजूला जास्त दाब, तुर्कस्तानच्या तापलेल्या पठारावर कमी दाब, आणि त्या फरकातून उत्तरेचा वारा. जुलै-ऑगस्ट हे त्याचे ऐन दिवस. ५ ते ७ बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) नेहमीचं, मधूनच ८. ६ बोफर्ट म्हणजे २२ ते २७ नॉट (ताशी सागरी मैल), ७ म्हणजे २८ ते ३३. आकाश निरभ्र असतं, ढग पाहून काही कळत नाही. दोन दिवसांत निवळेल किंवा आठवडाभर टिकेल. कोकणच्या खाऱ्या-मतलई वाऱ्यासारखा तो सूर्याबरोबर बसेलच असं नाही, जोराचा मेल्टेमी रात्रभर वाहतो.
जाताना वारा पाठीशी, म्हणून सगळं सोपं वाटतं. हिशेब परतीचा करायचा.

शिडवाली
तांडेल यांच्याशी बराच सहमत, एक दुरुस्ती. कूफोनीसीहून लाव्रिओ वायव्येला आहे, उत्तरेला नाही. वारा उत्तर-ईशान्य असेल तर बराचसा पल्ला एकाच बाजूच्या शिडावर मारता येतो, टॅक वर टॅक (वाऱ्याविरुद्ध नागमोडी वळणं) घ्यावे लागत नाहीत. अडचण तीन तुकड्यांत आहे: नाक्सोस-पारोसची सामुद्रधुनी, पारोस ते सिरोस (पारोसचं नाऊसा ते सिरोसचं फिनिकास २४ मैल, अर्धं वाऱ्यावर चढत, म्हणजे वाऱ्याविरुद्ध) आणि शेवटी किथनोस ते केआ. सामुद्रधुनीत वारा चिंचोळ्या वाटेने येतो आणि बाहेर २० नॉट असेल तर आत २७-२८ सहज होतो. लाटा उंचीने फार नसतात, पण आखूड आणि उभ्या. ३८ फुटी बोट दर चार-पाच सेकंदांनी आपटते. सत्तरीच्या माणसांना हे सहा तास झेपणार नाही.

कल्याणी_हॅम्बुर्ग
लाव्रिओचा हट्ट कशाला? तीच बोट पारोसहूनही मिळते. विमानतळाजवळ म्हणून सगळे लाव्रिओ किंवा आलिमोस धरतात, पण छोटे सायक्लाडीस पाहायचे तर तळ त्यांच्याजवळ हवा. नाऊसाहून नाक्सोसची सामुद्रधुनी उतरून स्खिनूसा अवघे वीस-बावीस मैल, तिथून कूफोनीसी पाच-सहा. सगळा आठवडा बेटांवर जातो.
आणि दिशा उलटी घ्या. पहिल्याच दिवशी वारा हलका असेल तर नाऊसाहून पूर्वेला, नाक्सोसच्या उत्तर टोकाला वळसा घालून थेट दोनूसा. तीस मैल. पहाटे निघालं की दुपारी नांगर. मग दोनूसा ते कूफोनीसी पंधरा मैल वारा पाठीशी, पुढे स्खिनूसा, इराक्लिया, सगळं उतरणीचं. चढ राहतो तो एकच: इराक्लियाहून नाऊसा, पंचवीस मैलांच्या आत. त्यासाठी दोन दिवस राखून ठेवा, म्हणजे एक दिवस वाऱ्याने खाल्ला तरी चालतं.

पाणकोंबडी
आजी-आजोबा बरोबर असतील तर ऑगस्टमध्ये सायक्लाडीस नकोच. आयोनियन घ्या. लेफ्काडा तळ, मग मेगानीसी, कास्तोस, कालामोस, इथाकाचं किओनी, केफालोनियाचं फिस्कार्दो. बेटं एकमेकांपासून दोन-तीन तासांवर. तिथला माइस्त्रो दुपारी बाराच्या सुमारास वायव्येकडून सुरू होतो, ३-४ बोफर्टला पोचतो आणि सूर्य मावळताना बसतो. रात्री पाणी सपाट, ज्येष्ठांना झोप लागते. फिस्कार्दोला मात्र दुपारच्या आत पोचा, नंतर धक्क्यावर जागा नसते.

शिडवाली
आयोनियन सौम्य आहे हे खरंच, पण धागाकर्त्याला बेटांचा जो कोरडा, पांढरा, झाड नसलेला प्रदेश पाहायचा आहे तो तिथे नाही. तिकडे डोंगर थेट पाण्यापर्यंत झाडीने भरलेले. दोन्ही सुंदर, पण एकाला दुसरा पर्याय नव्हे. आणि सौम्य म्हणजे बिनधोक असंही नाही: सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस हे भूमध्य समुद्री वादळ केफालोनिया, इथाका, झाकिंथोसवरच आलं होतं. सप्टेंबरच्या मध्यानंतर अंदाज रोज पाहायला हवा.

अनुस्वार
मी शिडाच्या बोटीवर नवखा आहे. ग्रीसमध्ये बोट पाठमोरी लावतात म्हणे. ते नक्की कसं करतात? आणि सगळे त्याला इतकं का घाबरतात?

शिडवाली
अनुस्वार, सविस्तर लिहिते, कारण सुट्टीतली निम्मी भांडणं इथेच होतात.
धक्क्याला बोटीची पाठ लावायची, तोंडाकडून नांगर बाहेर. आधी तयारी: दोन्ही कडांना फेंडर (धक्के झेलणाऱ्या फुगीर उशा), एक मोठा फेंडर मागे, मागचे दोन्ही दोर क्लीटला (दोर बांधायच्या खुंट्याला) बांधून कठड्याच्या खालून बाहेर काढून वर घेतलेले, विंडलास (नांगराची साखळी ओढणारं यंत्र) सुरू आणि इंजिन चालू, कारण विंडलास ८०-१०० अँपिअर ओढतो आणि इंजिन बंद असेल तर बॅटरी बसते.
आता आकडे. पाणी ६ मीटर, पाण्यापासून बोटीचं तोंड सव्वा मीटर वर. बेरीज सव्वासात, पाचपट साखळी म्हणजे ३६ मीटर. बोट १२ मीटरची. म्हणजे नांगर धक्क्यापासून ४८ मीटरवर, चार बोटींच्या लांबीवर पडला पाहिजे. नवखे लोक घाबरून दोन लांबींवर टाकतात आणि मग तो धरत नाही. वारा बाजूने असेल तर जागेच्या सरळ रेषेत न टाकता वाऱ्याच्या दिशेला थोडा सरकून टाका.
मागे जाताना वेग दोन-अडीच नॉट ठेवा. त्याहून कमी वेगात सुकाणू लागत नाही आणि वारा तोंड ढकलून नेतो. साखळी मोकळी सुटू द्या. मध्येच ब्रेक लावला की बोटीचं तोंड ओढलं जातं, पाठ भरकटते, आणि शेजारच्या बोटीवर जाऊन आदळते. धक्का तीन मीटरवर आला की ब्रेक, नांगर रुतू द्या. आधी वाऱ्याकडचा दोर किनाऱ्यावर, मग दुसरा. दोर बांधून झाले की विंडलासने साखळी ताणा आणि दोर ढिले करून बोट धक्क्यापासून एक-दीड मीटर पुढे घ्या. धक्क्याच्या पायाशी दगडांची रास असते, सुकाणू तिथेच लागतं. फेरीबोट गेल्यावर येणाऱ्या लाटेने बोट मागेपुढे होते, त्यासाठीही ती जागा लागते.
ज्येष्ठांसाठी: उतरायची फळी जेमतेम फूटभर रुंद असते. एकाने किनाऱ्यावर उभं राहून हात द्यायचा, दुसऱ्याने बोटीवरून. रात्री जेवून परतताना प्रत्येकाकडे टॉर्च.

तांडेल
पाचपट हे शांत रात्रीचं. मेल्टेमी ६ च्या वर जाणार असेल तर नुसत्या नांगरावर उभं राहताना सातपट सोडा. भाड्याच्या बोटीवर साखळी साधारण ५० ते ६० मीटर असते, म्हणून ६-७ मीटरपेक्षा खोल पाण्यात हे गणित जमत नाही. बोट घेतानाच साखळी किती मीटर आहे ते विचारा आणि शेवटचं टोक लॉकरमध्ये बांधलेलं आहे का ते स्वतः बघा.
तळ पाहून नांगर टाका. गडद ठिपके म्हणजे पोसिडोनिया गवत. नांगर त्यावरून घसरतो किंवा गवताचा पुंजका घेऊन वर येतो, शिवाय ते गवत संरक्षित आहे. फिकट नीळसर ठिपका म्हणजे वाळू. नांगर पडल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू १५०० आरपीएमपर्यंत न्या, अर्धा मिनिट धरा, मग २००० पर्यंत. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा: त्या सरकल्या तर नांगरही सरकतोय. शंका असेल तर मास्क लावून पाण्यात उतरून बघा. ऑगस्टमध्ये पाणी २४-२५ अंश असतं, त्यात कष्ट काही नाहीत.
आणि साखळीचा भार विंडलासवर ठेवू नका. १२ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर हुकाने साखळीला लावून क्लीटवर घ्या. तो ताणला जातो, झटके खातो आणि रात्री केबिनमध्ये साखळीची खडखड येत नाही.

उत्तररात्र
सकाळी निघताना नांगर दुसऱ्याच्या साखळीत अडकला तर काय करायचं, हेही लिहून ठेवतो. घाई नको, इंजिनने ओढू नका. विंडलासने हळूहळू वर घ्या. परकी साखळी वर आलेली दिसली की एक दोर तिच्याखालून घालून दोन्ही टोकं पुढच्या क्लीटवर घट्ट करा. मग स्वतःचा नांगर मीटरभर खाली सोडा. तो त्या साखळीतून सुटतो. बोट थोडी मागे घ्या, नांगर मोकळा झाल्याची खात्री करा, मग दोराचं एक टोक सोडा. परकी साखळी होती तिथे परत जाते. दोन माणसं, पाच-सात मिनिटं. हिद्रासारख्या छोट्या, गच्च भरलेल्या बंदरात हे रोजचंच आहे.
विंडलास अचानक थांबला तर आधी त्याचा ब्रेकर बघा. तो बहुधा मागच्या केबिनमध्ये किंवा चार्ट टेबलाजवळ असतो. बोट ताब्यात घेतानाच जागा दाखवून घ्या.

निळाई
नांगरावर इतकं झालं, आता पोटाचं बघू.
भारतातून कोणी सामान आणणार असेल तर लक्षात ठेवा: युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर सगळं त्यात आलं. जर्मनीहून येणाऱ्यांना तिथल्या दुकानातलं तूप आणता येतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं, पापड, पोहे, तूरडाळ यांना हरकत नाही.
बोटीवर शेगड्या दोन किंवा तीन, लाटेबरोबर झुलणाऱ्या. तीन लिटरचा कुकर न्या: गॅस वाचतो, पाणी वाचतं, आणि झाकण कुलुपबंद असल्याने भांडं कलंडलं तरी पिठलं जमिनीवर येत नाही. प्रवासात तळण अजिबात नाही. सकाळी निघण्याआधी थालीपिठं करून डब्यात भरा, दुपारी दह्याबरोबर खा. ग्रीक दही घट्ट असतं, छान जमतं. वारा चढला की खाली स्वयंपाकघरात कोणी उभं राहू नये, म्हणून दडपे पोहे हे खरं शिडाच्या बोटीचं जेवण. कांदा, लिंबू, टोमॅटो बेटांवर मिळतात, खोबऱ्याचा कीस घरून.
शाकाहारींची बेटांवर आबाळ होत नाही. स्खिनूसाचा फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. शिवाय गिगांतेस (मोठ्या पांढऱ्या वालासारख्या शेंगबिया टोमॅटोत), गेमिस्ता (भात भरलेले टोमॅटो-मिरच्या), खोर्ता (उकडलेली रानभाजी, वर लिंबू). गेमिस्तात कधी खिमा असतो, विचारून घ्या.

अनुस्वार
निळाई, हा प्रतिसाद वाचनखुणांत ठेवला. बोट लागते त्याचं काय?

निळाई
गोळी निघायच्या दीड-दोन तास आधी, त्रास सुरू झाल्यावर नाही. ज्येष्ठांना रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकी आलेपाक, कोरडी बिस्किटं, आणि नजर क्षितिजावर. खाली केबिनमध्ये जाऊन मोबाइल पाहणारा पहिला आडवा होतो. मुलांना आळीपाळीने सुकाणू धरायला द्या, त्रास निम्मा होतो.

कल्याणी_हॅम्बुर्ग
पाणी आणि वीज. ३८ फुटी बोटीची टाकी साधारण ३०० ते ४०० लिटर. सहा माणसं, माणशी १२ लिटर धरले तर दिवसाला ७२. ४०० लिटर साडेपाच दिवस पुरतं. प्यायचं पाणी बाटल्यांचं, वेगळं. पाणी पारोसलाच काठोकाठ भरा. छोट्या बेटांवर ते मोलाचं असतं. अंघोळ समुद्रात, नंतर मागच्या शॉवरने अर्धा मिनिट गोडं पाणी. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात विसळा.
फ्रिज चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो. दिवसाला फ्रिज, दिवे, पंप, फोन, ऑटोपायलट मिळून ८० ते १०० अँपिअर-तास. साध्या बॅटऱ्या २०० च्या असतील तर निम्म्याच वापरायच्या, म्हणजे रोज दीड-दोन तास इंजिन किंवा धक्क्यावरची वीज. सौरपट्टी असलेली बोट निवडा. इंजिनला २०००-२२०० आरपीएमवर तासाला तीनएक लिटर डिझेल.
संडासात कागदही टाकायचा नाही, पिशवीत. पाइप तुंबला तर आठवडा वाया जातो. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

पाणकोंबडी
ज्येष्ठ आहेत तर कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) का नको? कलत नाही, जागा भरपूर, उतरायला सोपं.

तांडेल
शांत पाण्यात बरोबर. पण रुंदी साडेसहा-सात मीटर. कूफोनीसीच्या छोट्या बंदरात दोन बोटींची जागा खाते आणि दुपारनंतर मिळत नाही. वाऱ्यावर चढताना ती एका सांगाड्याच्या बोटीपेक्षा वाईट चालते, आणि उभ्या लाटांत मधल्या पुलाखाली धडाधड पाणी आपटतं. इराक्लिया-नाऊसाच्या चढावर हेच भोगायला लागेल. भाडंही बरंच जास्त.
शिडाबद्दल एक महत्त्वाचं: वारा पाठीशी असताना यंत्रावरचा आकडा फसवतो. खरा वारा २२ नॉट आणि बोट ७ नॉटने पुढे, तर यंत्र १५ दाखवतं. मग वळून वाऱ्यावर आलात की एकदम २८ अंगावर. म्हणून खरा वारा १८ झाला की पहिला रीफ (शीड थोडं आवरून लहान करणं), २४ ला दुसरा, मग दिशा कोणतीही असो. डोलकाठीत गुंडाळलं जाणारं शीड असेल तर आत घेताना मागचा दोर किंचित ताणलेला ठेवा. ढिला सोडला की घड्या पडून शीड खाचेत अडकतं, आणि ते नेमकं वारा चढल्यावर.

उत्तररात्र
परवान्याचं कोणी लिहिलं नाही. ग्रीसमध्ये एकाकडे मान्य प्रमाणपत्र आणि बरोबर दुसरा जाणता माणूस लागतो. आरवायए (ब्रिटनची शिडाच्या बोटींची संस्था) डे स्किपर प्रॅक्टिकल किंवा आयसीसी (बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) साधारणपणे चालतं. आयसीसीवर शिडाचा उल्लेख आहे का ते पाहा, नुसती मोटरबोट असेल तर शिडाच्या बोटीला उपयोग नाही. प्रत आधी पाठवून बोटवाल्याकडून लेखी होकार घ्या. अनामत साधारण दोन ते चार हजार युरो अडकते. ताब्यात घेताना सगळ्याचे फोटो, शिडं उघडून बघा, आणि शक्य असेल तर मास्क लावून कील (बोटीच्या तळाचं वजनदार पातं) आणि सुकाणूही.
अवांतर: भारतीय पारपत्र असेल आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर डोकवायचा विचार असेल तर शेंगेनबाहेर पडणं आलं, बहुप्रवेश व्हिसा आणि तुर्की व्हिसा दोन्ही लागतील.

शिडवाली
अवांतरावर अवांतर: कूफोनीसीच्या समोर केरोस बेट दिसेल. निर्मनुष्य, संरक्षित पुरातत्त्व क्षेत्र आहे. तिथे उतरू नका. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातल्या संगमरवरी सायक्लाडिक मूर्तींचे मुद्दाम फोडलेले तुकडे तिथे मोठ्या संख्येने सापडले. शेजारच्या दास्कालिओ खडकावर पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्र्यू यांच्या गटाने वस्ती उत्खननातून काढली. तिथला संगमरवर नाक्सोसहून बोटींतून आणलेला. ज्या पाण्यातून आपण जातो तिथे साडेचार हजार वर्षांपूर्वी वल्ह्यांच्या होड्या दगड वाहत होत्या, हे मुलांना जाता जाता नक्की सांगा.
इराक्लियाच्या नैर्ऋत्येला आलिमिया खाडी आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन सागरी विमान, आराडो १९६, सुमारे दहा मीटर खोल पडलेलं आहे. शांत दिवशी वरून पोहतानाही आकार कळतो. मेल्टेमीत लाट येत नाही, पण डोंगरावरून झोत कोसळतात. रात्र तिथे नको.

मचवा
सगळ्यांचे आभार. लाव्रिओ रद्द. नवा बेत: शनिवार नाऊसा. रविवारी पहाटे अंदाज ५ च्या आत असेल तर उत्तरेकडून दोनूसा, नाहीतर सामुद्रधुनी उतरून थेट स्खिनूसा. सोमवार-मंगळवार कूफोनीसी, बुधवारी स्खिनूसा, गुरुवारी इराक्लियाला दुपारी पोहून तिथेच मुक्काम, शुक्रवारी नाऊसा. चालेल?

तांडेल
दिशा बरोबर, शेवट बदला. इराक्लियाच्या आयोस येओर्गिओस बंदराचं तोंड ईशान्येला. मेल्टेमीत आणि फेरी आली की आत पाणी खूप हलतं. रात्र स्खिनूसाच्या मेर्सिनी खाडीत काढा, ती उत्तरेच्या वाऱ्याआड आहे. फेरीच्या धक्क्याची जागा तेवढी मोकळी सोडा. आणि चढ शुक्रवारवर ठेवू नका. बुधवारी इराक्लिया दुपारपुरतं, मुक्काम मेर्सिनी. गुरुवारी पहाटे पाचला निघून नाऊसा. जमलं नाही तर शुक्रवार हाताशी आहे. रोज सकाळी ग्रीक हवामान खात्याचा समुद्री अंदाज बघा आणि बोटीवरच्या रेडिओच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर ऑलिंपिया रेडिओ या ग्रीक किनारी केंद्राची सूचना ऐका. नुसत्या फोनवरच्या रंगीत नकाशावर विसंबू नका; बेटांमधले झोत त्यात उतरत नाहीत.

कल्याणी_हॅम्बुर्ग
एक राहिलं. पारोस ते पिरेअस साधी फेरी चार-साडेचार तास घेते, पण ८ बोफर्टला मोठ्या फेऱ्याही बंद होतात, वेगवान कॅटामरान त्याआधीच. शनिवारी सकाळी बोट सोडून त्याच रात्री अथेन्सहून विमान धरू नका. रविवारचं घ्या.

मचवा
रविवार दुपारचं विमान घेतो. पारोसच्या दोन बोटवाल्यांना आजच लिहितो: साखळीची लांबी, सौरपट्टी आणि विंडलासच्या ब्रेकरची जागा, तिन्ही विचारून.